घरची मोटार : आधी पल्ला, मग इंजिन



बैल विकत घेताना आपल्याकडचा माणूस काय काय पाहतो! दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. आणि हे सगळे झाल्यावर बाजारातला एखादा जाणता म्हातारा हळूच विचारतो, "काम काय हाय तुमचं? नांगराला पायजे, का गाडीला?" या एका प्रश्नाने निम्मे बैल आपोआप बाजूला होतात. मोटार मात्र बैलाच्या कितीतरी पट महाग, पण ती घेताना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. रंग विचारतात, पडदा किती इंचांचा ते सांगतात, हप्ता किती बसेल तेही सांगतात. काम काय आहे, हे मात्र विचारायचे राहून जाते.

आज मी त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा यंत्राची माहिती लागेल तेवढीच सांगेन, आणि हिशेब मात्र जरा सावकाश मांडीन. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा.

हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा ज्या उंच, आखूड, पाच माणसांच्या मोटारी दिसतात, त्यांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. रस्ता खडबडीत असला तरी पोट घासत नाही, म्हाताऱ्या माणसांना वाकून बसावे लागत नाही, म्हणून त्या आपल्या भागात मानवल्या. या गाड्यांची लांबी बहुधा चार मीटरला किंचित कमी का असते, याचे कारण कराच्या पुस्तकात आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क कमी झाले आणि छोटी मोटार म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.पर्यंत, डिझेल इंजिन १५०० सी.सी.पर्यंत अशी व्याख्या झाली. ही मर्यादा पुढेही राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर आले, त्यांत या मर्यादेत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के, मोठ्या गाडीवर ४० टक्के आणि विजेच्या गाडीवर ५ टक्के असा कर ठरला. शिंप्याने कापड बघून अंगरखा बेतावा, तशा या गाड्या कर बघून बेतलेल्या आहेत.

आता यांतली एकच गाडी निरनिराळ्या इंधनांवर मिळू लागली आहे. उदाहरणच द्यायचे तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला तयार होऊ लागलेली टाटांची नेक्सॉन २०१७ साली पेट्रोल आणि डिझेलवर आली, जानेवारी २०२० मध्ये विजेवर आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सीएनजीवर आली. हे नाव मी फक्त उदाहरणादाखल घेतले, शिफारस म्हणून नव्हे, हे कृपया ध्यानात असू द्या. सांगायचे एवढेच की सांगाडा तोच, दारे तीच. आतली ताकद चार तऱ्हांची. मग घ्यावी कोणती?

या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः एकदा चुकलो आहे. ती चूक आधी सांगतो.

२०२१ साली मी डिझेलची गाडी घेतली. का घेतली? तर 'डिझेल परवडतं' हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकत आलो होतो. वाक्य खोटे नव्हते, पण त्याचा काळ सरला होता. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांच्या घरात फरक होता, कारण डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव खुला झाला आणि तो फरक पुष्कळच आटला. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते. ठाऊक होतेही. पण वर्गात शिकवलेले घरी वापरावे, ही सवय आम्हा मास्तरांना कमीच!

माझे घर ते कॉलेज अंतर सहा किलोमीटर. सहा जायचे, सहा यायचे. वर्ष उलटले नाही तोच समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. गाडीची ताकद गेल्यासारखी वाटू लागली. कंपनीच्या कारखान्यात नेली, धुराची गाळणी तुंबली आहे असे सांगितले, साफ केली, बिल झाले. पाच महिन्यांनी पुन्हा तोच दिवा. तेव्हा आमच्या गावच्या फिटरकडे गेलो. त्याने गाडीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "सर, रोज किती चालवता?" मी म्हटले, "बारा किलोमीटर." तो हसला. "मग ही घेतलीच कशाला?"

श्रोतेहो, एवढ्या व्यवहारात मला हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. आणि तो भेटला गाडी घेतल्यावर!

गोष्ट अशी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक गाळणी बसवावी लागली. तिच्यात काजळी साठते. गाडी रस्त्याला लागून पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने धावली की गाळणी तापून लाल होते आणि काजळी जळून जाते. घरातल्या चुलीचे धुराडे जसे मोठ्या जाळाने मोकळे होते, तसेच. सहा किलोमीटरांत ती तापतच नाही, आणि न जळलेली काजळी साठतच जाते. शिवाय काही डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. धुरातले विषारी वायू मारण्यासाठी. शेतकरी बंधूंनी हे ऐकून खताचे पोते मात्र त्यात रिकामे करू नये. ते द्रावण शुद्ध आणि ठरावीक प्रमाणाचे असते, बाहेरच्या युरियाने सगळे यंत्र बिघडते.

मग डिझेल वाईट काय? मुळीच नाही. जर्मनीत निकोलाउस ओटोने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले, आणि १८९७ साली रुडॉल्फ डिझेलने आपले. दोन्हींतला फरक शिक्षक बंधुभगिनींना वर्गात सायकलच्या पंपाने दाखवता येईल. पंपाचे तोंड दाबून हवा भरली की पंप गरम होतो. डिझेल इंजिनात हवा सोळा-सतरा पटींनी दाबतात. ती इतकी तापते की इंधन आत फवारताच पेटते, ठिणगी लागत नाही. पेट्रोलमध्ये दाब कमी, म्हणून ठिणगी लागते. जास्त दाबामुळे डिझेल इंधनातली उष्णता जास्त कामी लावते आणि कमी फेऱ्यांतच जोराने ओढते. पाच माणसे, टपावर सामान आणि समोर आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट, अशा वेळी डिझेलची ओढ कळते. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर हमरस्त्याने जाणाऱ्याला ते आजही योग्य आहे. ते लांब पल्ल्याचे जनावर आहे. मी त्याला दारातल्या दारात फिरवले.

पेट्रोलचे इंजिन स्वस्त, शांत, आणि लहान फेऱ्यांना कधी ना म्हणत नाही. हल्ली बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना टर्बो जोडतात. टर्बो म्हणजे लोहाराचा भाताच समजा. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. त्याने ताकद येते, पण पाय जड असेल तर भाता जोरात चालतो आणि इंधनही तितकेच जळते. आणखी एक गोष्ट आपल्या ऊसवाल्यांच्या जवळची. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. ते इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून आणि धान्यापासून होते. कारखान्याला त्याचे पैसे मिळतात, परदेशी तेल तितके कमी लागते, हे चांगलेच. पण लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच उष्णता असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. जुनी गाडी घेणाऱ्याने ती या मिश्रणासाठी केलेली आहे का, हे तिच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

सीएनजी म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायू. इंजिन पेट्रोलचेच, जोडीला वायूची टाकी. दाब सुमारे दोनशे बार, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. म्हणून टाकी जाड, आणि दर तीन वर्षांनी तिची तपासणी सक्तीची. ही तपासणी अनेकजण टाळतात. कृपा करून टाळू नका. मागच्या सीटवर आपलीच मुले बसतात. वायूवर ताकद साधारण दहा टक्के कमी वाटते, डिकीतली जागा जाते, पंपावर रांग असते. पण किलोमीटरचा खर्च पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी, आणि वायू संपला तर पेट्रोल आहेच.

हायब्रिडविषयी थोडक्यात सांगतो. यात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि लहान बॅटरी असते. ब्रेक लावताना वाया जाणारी गती विजेच्या रूपाने साठते आणि पुन्हा निघताना उपयोगी पडते. पूर्ण हायब्रिड २०२२ साली आपल्याकडे चार मीटरहून थोड्या मोठ्या एसयूव्हींमध्ये आले आणि कागदावर लिटरला जवळजवळ २८ किलोमीटर दाखवू लागले. पुण्या-मुंबईच्या गर्दीत, जिथे दर शंभर पावलांवर थांबावे लागते, तिथे याची खरी कमाई. मोकळ्या रस्त्यावर, जिथे ब्रेकच कमी लागतो, तिथे साठवायला तरी काय मिळणार?

आता वीज. एक लिटर पेट्रोलमध्ये जी उष्णता असते ती विजेच्या भाषेत मांडली तर सुमारे नऊ युनिटे भरते. त्या नऊ युनिटांवर पेट्रोलची छोटी एसयूव्ही पंधरा किलोमीटर जाते. तेवढीच नऊ युनिटे बॅटरीतून दिली तर विजेची गाडी पंचावन्न-साठ किलोमीटर जाते. असे का? पेट्रोल इंजिनात बहुतेक उष्णता धुरावाटे आणि रेडिएटरवाटे उडून जाते. रोजच्या वापरात चौथा हिस्सा चाकाला मिळाला तरी पुष्कळ. विजेची मोटर मिळालेल्या विजेतली जवळजवळ सगळी चाकाला देते. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते, हे खरे. माणसांसकट सतराशे किलोची गाडी सहाशे मीटर उंच नेण्यास शाळेच्या पुस्तकातल्या सूत्रानेच जवळजवळ तीन युनिटे लागतात. पण उतरताना मोटरच जनित्र बनते आणि त्यातला बराच भाग परत मिळतो. डिझेलवाल्याला घाट उतरताना एक थेंबही परत मिळत नाही.

कुणी म्हणेल, वीज तरी कोळशाचीच ना? बरोबर. आपल्या गाडीतले एखादे युनिट कोयनेच्या पाण्याचे असेल, तर दुसरी बरीच कोराडी-चंद्रपूरच्या कोळशाची असतील. धूर गेला नाही, गावातून धुराड्यात गेला. पण देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातले पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, आणि कोळसा, पाणी, ऊन, वारा इथले आहेत, हाही फरक लहान नाही.

बरे, आता पाटी पुसून हिशेब मांडू. मी सोयीसाठी गोल आकडे धरतो. आपापल्या पंपाचा भाव आणि आपल्या बिलाचा दर घालून ते बदलून घ्या. मात्र कंपनीच्या कागदावरचे ॲव्हरेज धरू नका. ते प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेले असते. सगळ्यांना एकच कसोटी लावण्यासाठी ते ठीक आहे, पण त्या रोलरवर खड्डा नसतो, घाट नसतो आणि मध्येच म्हैसही येत नाही. २०२० साली जी विजेची नेक्सॉन कागदावर ३१२ किलोमीटर जात होती, ती रस्त्यावर एका चार्जिंगला दोनशेच्या आसपास जाई. तेव्हा कागदावरच्या आकड्यातून चौथा ते तिसरा हिस्सा वजा करून मगच पुढे जावे.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १५ धरले, तर किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १८, तर ५ रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २० किलोमीटर, तर साडेचार रुपये. वीज घरी भरली, युनिटला १२ रुपये आणि युनिटला ६ किलोमीटर धरले, तर २ रुपये. तीच बाहेरच्या जलद चार्जरवर २० रुपये युनिटने भरली, तर सव्वातीन रुपयांच्या थोडे वर.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग विजेचीच घ्यावी! थांबा. खरेदीची किंमत राहिली. त्याच सांगाड्याची डिझेल गाडी पेट्रोलहून १,२०,००० रुपयांनी, सीएनजी ९०,००० रुपयांनी आणि विजेची ३ लाखांनी महाग आहे असे धरू. आता जादा किंमतीला दर किलोमीटरच्या बचतीने भागा. डिझेलला साठ हजार किलोमीटर, सीएनजीला छत्तीस हजार, विजेला पुन्हा साठ हजार. इतके चालल्यावर जादा दिलेले पैसे वसूल होतात. त्याआधीची सगळी बचत ही आपलीच आपल्याला परत मिळालेली रक्कम असते.

म्हणजे सगळा प्रश्न एका आकड्यावर आला. आपण वर्षाला किती चालतो? माझ्यासारखा माणूस, कॉलेज, बाजार आणि चार लग्ने मिळून वर्षाला सात हजार किलोमीटर जातो. मला डिझेलचे पैसे वसूल व्हायला साडेआठ वर्षे लागली असती, तीही गाळणी न तुंबता! माझ्यासाठी साधे पेट्रोल होते. खरे तर वर्षाला तीन-चार हजारच चालणाऱ्याने एसटी आणि वेळेला भाड्याची गाडी यांचाही हिशेब एकदा करून पाहावा. दारात उभी असलेली गाडीसुद्धा हप्ता, विमा आणि घसारा खातच असते.

आता दुसरे उदाहरण. यात माझी सही अडकली आहे. माझा धाकटा मेहुणा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा घरापासून अडतीस किलोमीटर. दोन वर्षे तो मोटारसायकलवर गेला, पावसाळ्यात दोनदा पडला, तेव्हा घरच्यांनी गाडीचा आग्रह धरला. तो पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. "दाजी, जामीन म्हणून तुमची सही पाहिजे. विजेची घेतोय. दोन रुपयांत किलोमीटर!"

जामीन राहायचे म्हणजे कर्जाचा अर्धा धनी व्हायचे. मी म्हटले, "बस. आधी पाटीवर मांडू."

रोज ७६ किलोमीटर, वर्षाचे शाळेचे दिवस २२० धरले, वर इतर पाच हजार. म्हणजे वर्षाला सुमारे २२,००० किलोमीटर. पेट्रोलवर १,५४,००० रुपये, विजेवर घरी चार्ज करून ४४,०००. वर्षाला १,१०,००० वाचतात! जादा ३ लाखांवर दहा टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज सुमारे ८२,००० होते, ते धरूनही साडेतीन वर्षांत वसूल. मेहुण्याचा चेहरा उजळला. मीही पेन उघडले होते.

तेवढ्यात आतून त्याची बहीण, म्हणजे आमचे घर, बाहेर आली. तिने भावाला दोनच प्रश्न विचारले. "गाडी चार्ज कुठे करणार तू? आणि बदली झाली तर?"

दोघेही गप्प. तो भाड्याच्या घरात माडीवर राहतो. गाडी उभी राहणार देवळासमोर, घरापासून शंभर पावलांवर. घरमालक वायर ओढू देईना. म्हणजे दोन रुपयांचा किलोमीटर संपला. तालुक्याच्या चार्जरचा सव्वातीनचा उरला. व्याज धरून वसुलीला पावणेपाच वर्षे. आणि बदली होऊन शाळा चार किलोमीटरवर आली, तर वर्षाचे सातच हजार किलोमीटर. मग पहिल्यापासून धरले तर वसुलीला दहा वर्षांहून अधिक.

मग आम्ही हिशेबाची रीत बदलली. सगळे मनासारखे झाले तर काय मिळेल, याऐवजी बिनसले तर किती बुडेल, हे विचारले. सीएनजीचे जादा ९०,००० रुपये व्याजासकट सुमारे १,१५,००० होतात. वर्षाची बचत ५५,०००. दोन वर्षांत वसूल. त्यानंतर बदली झाली तरी नुकसान नाही. पंप शाळेच्या वाटेवरच. त्याने सीएनजी घेतली आणि मी सही केली.

त्यात दुःखे नाहीत असे नाही. कधी रांगेत अर्धा तास जातो. डिकीत टाकी असल्यामुळे परवा आमच्याकडून जाताना तांदळाचे पोते मागच्या सीटवर माणसासारखे बसवून न्यावे लागले. पण हप्ता वेळेवर जातो, आणि जामिनाला रात्री झोप लागते.

याच पाटीवर आमच्या शेजाऱ्यांचे उत्तर निराळे आले. त्यांचे घर स्वतःचे, दारात अंगण, आणि दूध संकलनाच्या कामासाठी रोज ऐंशी किलोमीटर फिरणे. त्यांनी विजेची घेतली, ती योग्यच. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटे धरली तर आठ तासांच्या रात्रीत चोवीस युनिटे, म्हणजे सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. त्यांचे काम रात्रीत भागते. छपरावर सौर पॅनेल असेल तर आणखी सोय; एक किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटे देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. तीन किलोवॉटची बारा युनिटे म्हणजे रोजचे सत्तर किलोमीटर उन्हावर!

विजेची गाडी घेणाऱ्यांना मात्र चार गोष्टी बजावून सांगतो. पहिली, घराचे अर्थिंग आणि वायरिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या तारेवर रात्रभर भार टाकू नका. दुसरी, मंजूर भार वाढवून घ्या. तिसरी, विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नका. तो दर पाण्यासाठी आहे, आणि तसे करणे नियमाबाहेर आहे. चौथी, बॅटरीची हमी वाचा. बहुधा ती आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल तिथपर्यंत असते. पण अटी वेगवेगळ्या असतात. जुनी विजेची गाडी घेताना तर हमी नव्या मालकाला लागू आहे का, हे लेखी घ्या.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सातवीच्या वर्गाला हे उदाहरण घाला. जादा किंमत भागिले दर किलोमीटरची बचत, बरोबर वसुलीचे किलोमीटर. त्याला वर्षाच्या किलोमीटरांनी भागले की वर्षे. भागाकाराच्या पलीकडे यात काही नाही. मुलांना सांगा, आपल्या पंपाचा भाव लिहून आणा, घरचे विजेचे बिल पाहून या, वडील आठवड्याला किती चालतात ते विचारा. ज्या घरात गाडीचा विचार चालू असेल, त्या घरी ती वही रात्री बापाच्या हाती पडेल. कर्जाच्या फॉर्मवर सही होण्याआधी पडली, तर त्या भागाकाराचे मोल फार मोठे.

आणि कोणी गाडी दाखवायला आला, तर रंग विचारण्याआधी त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा. आपणच आपल्याला विचारा, काम काय आहे? रोज किती चालायचे, कुठे थांबायचे, आणि उद्या दिवस बदलले तर काय? एवढ्याची उत्तरे घरात बसून ठरली, की इंजिन कोणते हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.